सिलेंडर तिसऱ्या-चौथ्या फायरला अडकतोय? क्रिंप आवळण्याआधी एक्सपांडर मोजा

परवा ह्यूस्टनहून एका मित्राचा फोन आला, हॅलो वगैरे काही नाही, डायरेक्ट "दादा, परत अडकला". गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि त्याआधी स्वतः इतक्या वेळा बोललोय की म्हटलं आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. .४४ मॅग्नम, .४५४ कसूल, .४८० रुगर, .५०० स्मिथ, असलं कुठलंही मोठं रिव्हॉल्वर, त्यात घरी भरलेली काडतुसं (पितळेची केस, बुडाला ठिणगी देणारा प्रायमर, आत पावडर, तोंडात बुलेट, आणि बुलेट धरायला केसचं तोंड किंचित आत वळवतात तो क्रिंप), दोन-तीन फायर मस्त होतात आणि मग सिलेंडर फिरतच नाही. हॅमर मागे येत नाही, ट्रिगर दाबला जात नाही, आणि नेमकं हे होतं तेव्हा समोर जनावर असतं.

सुरुवातीलाच एक सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे गावाकडच्या कुणी हे वाचून प्रयोग करायला जाऊ नका. आणि इथे जे एच-१बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहेत त्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद आहे, पण ते आधी वकिलाकडून नीट समजून घ्या आणि मगच रेंजवर या. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं.

आता माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे मी या गोष्टीच्या एवढा मागे का लागलो ते कळेल. मी ऑस्टिनला राहतो, लियानो काउंटीत ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या जमिनीवर रानडुकरं मारायला जातो. टेक्सासमध्ये डुकरांनी शेतीचं प्रचंड नुकसान केलंय, २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला हंटिंग लायसन्ससुद्धा लागत नाही. माझ्याकडे .४४ मॅग्नमची साडेपाच इंची सिंगल अ‍ॅक्शन (दर फायरला हॅमर अंगठ्याने मागे ओढायचा अशी), ३०० ग्रेनची कास्ट, म्हणजे ओतीव शिशाची, बुलेट, भरलेली सगळी माझ्याच हातची. संध्याकाळची वेळ, सीडरच्या झाडीतून कळप बाहेर आला, पस्तीसेक यार्डांवर एक मोठी मादी आडवी उभी राहिली. पहिली गोळी जरा मागे लागली. ती वळली, दुसरी हुकली, तिसरी मागच्या पायात, आणि चौथ्याला हॅमर अर्ध्यावर येऊन थांबला. मी जोर लावतोय आणि ते जनावर तीन पायांवर झाडीत शिरतंय, हे मी बघत उभा. नंतर दीड तास टॉर्च लावून निवडुंगातून रक्ताचे थेंब शोधत फिरलो आणि शेवटी सोबतच्या मित्राने रायफलने तिला सोडवलं. तो दीड तास त्या जनावराने माझ्यामुळे काढला. काडतुसं भरायच्या माझ्या बेंचवर काहीतरी चुकलं म्हणून. तेव्हा ठरवलं की कारण सापडेपर्यंत या रिव्हॉल्वरने जनावरावर गोळी झाडायची नाही.

रेंजवर अडकलं तर आधी काय करायचं ते सांगतो, कारण इथेच माणसं घाई करतात. नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवायचं, किमान मिनिटभर काहीही करायचं नाही, हँगफायर असू शकतो, म्हणजे गोळी उशिरा सुटू शकते. हॅमरवर जोर नाही, सिलेंडरला हाताने झटके नाहीत. आधीच्या फायरचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला होता का ते आठवा, आला असेल तर बुलेट नळीत अडकलेली असू शकते आणि अशा वेळी सिलेंडर कसाबसा मोकळा करून पुढची गोळी मारणं म्हणजे नळी फोडून घेणं. मिनिट झाल्यावर बाजूने, म्हणजे डोकं आणि हात नळीच्या रेषेत न आणता, सिलेंडर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत बघा. एखाद्या बुलेटचं नाक सिलेंडरच्या तोंडाबाहेर आलेलं दिसलं तर रोग कळला. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चपट्या काडीने ते नाक हळूच मागे सारता येतं का बघा, सिलेंडर फिरला की ते काडतूस काढून बाजूला ठेवा आणि ते परत वापरू नका. नाही सरकलं तर तसंच गनस्मिथकडे न्या, पण तो जिवंत काडतुसासह अडकलाय हे आधी फोन करून सांगा.

निदानासाठी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो, अडकतो तो नेमका कधी? कारण "सिलेंडर अडकतो" म्हणजे "पोट दुखतं" असं झालं, त्यात दहा रोग येतात.

काडतुसं भरल्या भरल्या, एकही फायर न करता सिलेंडर जड फिरत असेल तर बहुतेक प्रायमर वर राहिलाय. प्रायमर केसच्या बुडाच्या किंचित आत हवा, दोन-चार थाऊ. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, शिरोलीच्या एमआयडीसीत वडिलांच्या लेथवर लहानपणापासून हाच शब्द ऐकलाय, तो काही सुटत नाही.) प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा, वर आलेला प्रायमर बोटाला लगेच कळतो, आणि काचेवर उभं केलं तर ते काडतूस डुगडुगतं. प्रायमर पॉकेट साफ करा, हाताने दाबायचं प्रायमिंग टूल घ्या, विषय संपला. डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर ओढला की हॅमरही आपोआप उचलला जातो ती) असेल तर इजेक्टरच्या, म्हणजे केसेस बाहेर ढकलणाऱ्या, चांदणीखाली बघा, न जळलेल्या पावडरचे चार दाणे तिथे जाऊन बसले तरी सिलेंडर बंद व्हायला मागत नाही. माझ्या मित्राच्या .४५४ मध्ये अगदी हेच व्हायचं आणि तो महिनाभर डाय (काडतुसं भरायच्या प्रेसमधले साचे) बदलत बसला होता. जुना टूथब्रश ठेवा, आणि रिकाम्या केसेस बाहेर काढताना नळी आकाशाकडे ठेवा म्हणजे दाणे चांदणीखाली न जाता खाली पडतात.

चाळीस-पन्नास फायरनंतर, गन तापल्यावर जड होत असेल तर सिलेंडरच्या तोंडावर शिसं आणि काजळी चढलीये. फीलर गेजने बॅरल-सिलेंडर गॅप मोजा, साधारण चार ते आठ थाऊ असावा, दोनच असेल तर जरा तापलं की घासणारच. फायर झालेली केस मागच्या प्लेटला घासत असेल, प्रायमर चपटा होऊन फायरिंग पिनच्या भोकात फुगलेला दिसत असेल तर प्रेशर जास्त आहे, तिथे बाकी काही शोधू नका, लोड कमी करा. आणि कधी होतं कधी नाही असा लहरी प्रकार असेल तर सिंगल अ‍ॅक्शनमध्ये बेस पिन, म्हणजे सिलेंडर ज्यावर फिरतो तो आस, बघा. झटक्याने ती पुढे सरकते, मग सिलेंडर नीट आधाराला राहत नाही. लॅचची स्प्रिंग कडक घाला किंवा बॅरलच्या पोटाला टेकणारा सेटस्क्रू असलेली पिन मिळते ती बसवा. स्मिथ अँड वेसनमध्ये इजेक्टर रॉड सैल होऊन लांब होतो आणि सिलेंडर उघडतच नाही, तो आवळताना लक्षात ठेवा की साठच्या दशकापासूनच्या मॉडेलांना उलटी आटी आहे, आणि आवळताना चेंबरमध्ये रिकाम्या केसेस ठेवा म्हणजे चांदणीवर ताण येत नाही.

पण दोन-तीन-चार फायर व्यवस्थित होऊन मग अडकत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. त्याला क्रिंप जंप म्हणतात, कुणी बुलेट पुल म्हणतं. मोठ्या बोअरमध्ये घरच्या काडतुसांचं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं हेच, आणि यावरच मला खरं लिहायचंय.

होतं काय की फायर झाला की अख्खी गन झटक्यात मागे येते. सिलेंडरमध्ये जी बाकीची काडतुसं बसलीयेत त्यांच्या केसेसना रिम असते, रिम पकडून गन त्यांना बरोबर मागे ओढते. बुलेट मात्र जडत्वामुळे जागेवर राहायला बघते. एसटी अचानक सुटली की उभी माणसं मागे राहतात ना, तसंच. बुलेट केसमधून थोडी पुढे सरकते, पुढच्या फायरला आणखी थोडी, असं करत करत नाक सिलेंडरच्या बाहेर येतं आणि फ्रेमला किंवा बॅरलच्या बुडाला अडतं. म्हणूनच पहिल्या फायरला कधी होत नाही. बुलेट जितकी जड तितका ओढ जास्त, गन जितकी हलकी तितका झटका तीव्र. एकच काडतूस स्कोप लावलेल्या साडेसात इंची जड गनमध्ये जागचं हलत नाही आणि पंचवीस औंसाच्या टायटॅनियम-स्कँडियमवाल्या हलक्या गनमध्ये दुसऱ्या फायरला बाहेर येतं. त्यामुळे "माझ्या मित्राच्या गनमध्ये हा लोड चालतो" याला काही अर्थ नाही. .४५४ मध्ये तर हे फारच, डिक कसूलने पन्नासच्या दशकात तो काढला तेव्हापासून त्याचं सगळं वैशिष्ट्यच जोर हे आहे, कमाल प्रेशर ६५,००० पीएसआय, .४४ मॅग्नमचं ३६,०००, मग झटका कसा असेल विचार करा.

नुसता सिलेंडर अडकण्यापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बुलेट पुढे सरकली की केसमधली जागा वाढते, आणि एच११० किंवा ती डब्ल्यू२९६ (दोन्ही एकच पावडर आहे, डबा वेगळा) अशा सावकाश जळणाऱ्या पावडरला घट्ट भरलेली केस आणि घट्ट धरलेली बुलेट लागते. ती सैल पडली की प्रज्वलन अर्धवट होऊ शकतं आणि बुलेट नळीतच राहते. म्हणूनच एच११० चा चार्ज मनाने कमी करायचा नसतो, ती विकणारे हॉजडनवाले स्वतः सांगतात की ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. मी माझे चार्ज इथे लिहिणार नाही, कुणी विचारूही नका, ते चालू मॅन्युअलमधून घ्यायचे, तुमच्या बुलेटचे, तुमच्या प्रायमरचे.

आता सगळ्यांना पहिला जो उपाय सुचतो तो मलाही सुचला, क्रिंप आवळा. बुलेट सरकतेय ना, मग केसचं तोंड आणखी आत वळवा. क्रिंप डाय पाव आटा खाली केला. रेंजवर गेलो, परत अडकला. आणखी पाव आटा. परत. आणि एका टप्प्यानंतर तर आधीपेक्षा लवकर अडकायला लागला, चौथ्याऐवजी तिसऱ्याला. मला काही कळेना. वाटलं गनमध्येच दोष आहे, विकून टाकावी.

मग एके रात्री बेंचवर नुसता बसलो आणि मायक्रोमीटर काढला, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. बुलेटचा व्यास .४३० इंच, बरोबर. मग एक्सपांडर मोजला. एक्सपांडर म्हणजे दुसऱ्या डायमधला तो गुळगुळीत प्लग, साइझ केलेल्या, म्हणजे पहिल्या डायने आवळून मापात आणलेल्या, केसमध्ये घुसून तिचं तोंड बुलेटसाठी थोडं मोठं करतो तो. माझा डाय सेट सेकंडहँड घेतलेला, आधीच्या मालकाने जाड कास्ट बुलेटसाठी मुद्दाम मोठा प्लग टाकलेला असणार, कारण मोजला तर .४२९५. म्हणजे साइझिंग डाय बिचारा केसला छान आवळून देत होता आणि पुढच्याच डायमध्ये मी ती आवळ सगळी घालवत होतो. बुलेट आणि केसमध्ये जेमतेम अर्ध्या थाऊची पकड. बुलेट केसमध्ये धरलेली नव्हतीच, ठेवलेली होती, आणि तिला धरायचं सगळं काम मी त्या तोंडाच्या बारक्या वळणावर टाकलं होतं.

आमच्या गावी लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा, लोखंडाची ती पट्टी चाकापेक्षा किंचित लहान घ्यायची, तापवून मोठी करायची, चाकावर घालायची आणि पाणी मारायचं, चर्र आवाज होऊन ती अशी आवळायची की लाकूड करकरायचं. चाक धरून ठेवते ती ती आवळ, खिळे मारले तरी ते फक्त सोबतीला. धावच सैल असेल तर कितीही खिळे मारा, चाक दोन कोसात बोंबलणार. काडतुसात हीच आवळ म्हणजे नेक टेन्शन. वर्कशॉपवाल्यांना सांगायचं तर प्रेस फिट. केसचं आतलं माप बुलेटपेक्षा दोन-चार थाऊ लहान हवं, संपूर्ण लांबीभर, म्हणजे बुलेट बसली की केस तिला चारी बाजूंनी दाबून धरते. क्रिंप ही कडी आहे, दार बंद झाल्यावर लावायची. दारच चौकटीत बसत नसेल तर कडीने काय होणार.

आणि जास्त आवळल्यावर उलट बिघडत का होतं, तेही मग कळलं. पितळ लवचिक असतं, दाबलं की थोडं परत येतं. शिसं परत येत नाही. तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाब दिला की बुलेट आत दबते, केस थोडी मागे उसळते, आणि मध्ये होती तेवढीही पकड जाते. शिवाय रोल क्रिंप जास्त दिला की केसचं तोंड आत जातं पण त्याच्या लगेच खालची भिंत बाहेर फुगते, बोट फिरवलं की बारीक कडं लागतं, कधी कधी ते काडतूस चेंबरमध्येही शिरत नाही. म्हणजे मी जी पाव-पाव आटी देत होतो त्याने उरलीसुरली पकड मीच सोडवत होतो.

नवा प्लग घेतला, .४२६. (काही जण जुनाच लेथवर धरून एमरीने दोन-तीन थाऊ उतरवतात, तेही चालतं, फक्त मोजत मोजत करा आणि शेवटी आरशासारखा चकाकवा.) पहिलीच बुलेट बसवताना प्रेसच्या हँडलला फरक कळला, आधी ती लोण्यात सुरी जावी तशी जायची, आता हाताला एकसारखा विरोध लागतो. काडतूस उजेडात धरलं तर बुलेटचं बूड कुठे संपतं ते केसवर बाहेरून दिसतं, तिथे हलकीशी कंबर येते. ती कंबर दिसत नसेल तर काहीतरी गडबड आहे, हे माझं आता पक्कं मत झालंय. आणखी एक सोपी परीक्षा, पावडर-प्रायमर नसलेल्या केसमध्ये बुलेट बसवा, क्रिंप देऊ नका, आणि नाक बेंचच्या कडेवर ठेवून अंगठ्यांनी चांगला जोर द्या. बुलेट आत सरकली तर पकड नाही. क्रिंप डायला हात लावायचा तो ही परीक्षा पास झाल्यावर.

मग क्रिंपकडे या. बसवणं आणि क्रिंप देणं एकाच डायमध्ये एकाच वेळी करू नका, बुलेट खाली जात असतानाच केसचं तोंड आत वळतं, ते बुलेटला खरवडतं आणि केस फुगते. दोन वेगळ्या फेऱ्या करा, वेळ लागू दे. तोंड बुलेटच्या खाचेत, म्हणजे क्रिंप ग्रूव्हमध्ये किंवा कॅनेल्युअरमध्ये, बरोबर मध्यावर वळलं पाहिजे. खाच सोडून वरच्या गोलाईवर क्रिंप दिला तर तो क्रिंप नाहीच. मोठ्या बोअरला टेपर क्रिंप (तोंड आत न वळवता नुसतं दाबणारा) पुरत नाही, रोल किंवा प्रोफाइल क्रिंप घ्या. प्लेटेड बुलेट असेल तर जड रोल क्रिंपने वरचा पातळ तांब्याचा थर फाटतो, म्हणून जोरदार शिकारी लोडला मी त्या वापरतच नाही.

आणि केसेस एका मापाच्या असल्या पाहिजेत, हे फार जण सोडून देतात. डाय एका जागी ठरलेला असतो, केस लांब असली तर क्रिंप जास्त, आखूड असली तर कमी, मग सहातलं एकच काडतूस सरकतं आणि माणूस चक्रावतो. .४४ मॅग्नमच्या केसची कमाल लांबी १.२८५ इंच, मी सगळ्या १.२७५ ला ट्रिम करतो, शिकारीच्या तरी. वेगवेगळ्या कंपन्यांचं ब्रास मिसळू नका, भिंतीची जाडी वेगळी असते, पातळ भिंतीची केस त्याच डायमधून आली तरी कमी पकडते. तोंडाला बेल देताना, म्हणजे ते किंचित पसरवताना, बुलेट टेकण्यापुरतीच द्या, जास्त दिली की तोंडं लवकर फाटतात. फाटलेल्या केसेस डोळ्याला नेहमी दिसत नाहीत, मी मूठभर केसेस हातात घेऊन खुळखुळवतो, बाजारात आई मडकं वाजवून घ्यायची तसं, चांगलं पितळ खणखणीत वाजतं आणि चिरलेली केस बद्द वाजते, ती लगेच वेगळी कळते. बऱ्याच वेळा वापरलेलं पितळ कडक होतं, साइझ केल्यावर उसळून परत मोठं होतं, पकड कमी पडते. अशा केसेस मी हलक्या लोडला काढून ठेवतो. आणि केसच्या आत साइझिंगचं वंगण राहिलं असेल तर पुसा, पकड ही शेवटी घर्षणच आहे.

आता पडताळणी. ही केल्याशिवाय शिकारीला जाऊ नका, हात जोडून सांगतो. ज्या गनने शिकार करणार तीच गन. सहा काडतुसं भरा, त्यातल्या एकावर मार्करने खूण करा आणि त्याची एकूण लांबी कॅलिपरने मोजून लिहा. खुणेचं काडतूस शेवटी येईल असं ठेवा, पाच मारा, मग ते काढून परत मोजा. माझ्या जुन्या लोडची वही माझ्यासमोर आहे, सुरुवात १.६०२, दोन फायरनंतर १.६११, तीननंतर १.६३४, चौथ्यानंतर मोजायला काढताच आलं नाही. बघा, आकडा सारखा वाढत नाही, एकदा क्रिंपची कड खाचेतून निसटली की बुलेट पळायलाच लागते. नव्या प्लगनंतर पाच फायरला १.६०२ चे १.६०३. मी तेवढ्यावर थांबलो नाही, तेच काडतूस ठेवून शेजारी नवी पाच भरली आणि परत मारली, १.६०३ च राहिलं. एक-दोन थाऊ इकडे तिकडे कॅलिपर धरण्यातच जातात, त्याची काळजी करू नका. पाच फायरला पाच थाऊपेक्षा जास्त सरकलं तर मी तो लोड शिकारीला नेत नाही.

यातूनच एक सवय मोडायला लागते. रेंजवर आपण तीन मारतो, तीन रिकाम्या काढतो आणि तिथे नवी घालतो, उरलेली तीन तशीच आत. एखादं काडतूस असं आठ-नऊ झटके खातं आणि मग तेच शिकारीच्या दिवशी सिलेंडरमध्ये असतं. शिकारीला जाताना न हललेली, मोजलेली नवी सहा घाला, सिंगल अ‍ॅक्शन जुन्या पद्धतीची असेल, ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा ठोका फायरिंग पिनपर्यंत पोचू न देणारी पट्टी) नसेल, तर पाचच आणि हॅमरखालचं चेंबर रिकामं. झटके खाल्लेली काडतुसं रेंजसाठी वेगळ्या डब्यात.

एल्मर कीथसारखी (बंदुकांवर लिहिणारा अमेरिकन शिकारी) माणसं .४४ स्पेशलमध्ये जड लोड घरी भरून भरूनच १९५५ च्या .४४ मॅग्नमपर्यंत आली, म्हणजे हा कॅलिबरच मुळात हँडलोडिंगच्या बेंचवर जन्मलाय. म्हणून विकतची काडतुसं वापर, कटकट नको, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. फक्त बेंचवर मायक्रोमीटर हवा, तो नसेल तर आधी तो घ्या, मग पुढची पावडर.

ह्यूस्टनच्या मित्राला मी फोनवर एवढंच सांगितलं, एक्सपांडर काढ, मोज, मला आकडा पाठव. तासाभराने मेसेज आला, त्याच्या .४५४ चा, बुलेट .४५२ आणि प्लग .४५१. पुढचा प्रश्न त्याने तोच विचारला जो मी विचारला होता, की आता भरून ठेवलेल्यांचं काय, परत क्रिंप देऊन चालेल का. नाही चालत. पकड आतून गेलीये, वरून काही होणार नाही, सगळी उघडायची. माझी १४० होती. इनर्शिया पुलर म्हणून प्लास्टिकचा हातोडा मिळतो, त्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं, केस थांबते आणि बुलेट पुढे निघून येते, म्हणजे गनमध्ये जे होतं तेच, फक्त मुद्दाम केलेलं. डोळ्यांना चष्मा लावा. मी पावडर परत वापरली नाही, अंगणात गवतावर पसरून टाकली. तीन संध्याकाळी गेल्या. आणि आपटता आपटता लक्षात आलं की जुन्या काडतुसांची बुलेट पहिल्या नाहीतर दुसऱ्या ठोक्याला बाहेर येतेय. मग नव्या प्लगचं एक घेऊन आपटलं. सातव्या ठोक्याला आली. आता प्रत्येक नव्या लॉटमधलं एक काडतूस मी त्या ओंडक्यावर नेतो आणि वहीत लांबीच्या शेजारी ठोके लिहितो, पाचच्या खाली आले की तो लॉट तिथेच थांबतो.